दुपारच्या लाल ओळी

घरात काही बिघडलं की पहिला आळ सगळ्यात शेवटी घरात आलेल्यावर घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. सून नवी असली की दूध तिच्यामुळे नासतं, बैल नवा असला की पाऊस त्याच्यामुळे लांबतो. मी गणिताचा मास्तर. उभं आयुष्य पोरांवर ओरडण्यात गेलं, की बाबांनो, पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि निवृत्त झाल्यावर मी स्वतः काय केलं, तर कॉम्प्युटरच्या नव्याकोऱ्या मेमरीवर आळ घेतला, तिला शहाद्याच्या फेऱ्या घडवल्या आणि तिच्यापायी माझ्या एका चांगल्या विद्यार्थ्याला नाही नाही ते बोललो.

कॉम्प्युटर माझ्या मुलीचा. ती पुण्याच्या एका कंपनीत इमारतींचे आराखडे काढते. दिवाळीला घरी आली तेव्हा कंपनीनं घरून काम करायची मोकळीक दिली होती, आणि ती राहिली. आमचं घर प्रकाशा गावाच्या अलीकडं, मळ्यात आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पपई. मधल्या खोलीत तिनं टेबल मांडलं आणि आमच्या घरात दुपारी तिसरं ताट वाढलं जाऊ लागलं. एकुलती एक पोर, बारावीनंतर बाहेर पडली ती पाहुण्यासारखीच येत-जात राहिलेली. आता ती रोज सकाळी डोळे चोळत ओट्यावर येऊन माझ्या कपातला अर्धा चहा ओतून घ्यायची. मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला दाखवायचीही भीती वाटायची. दृष्ट लागते म्हणतात.

होळी झाली आणि कंपनीचा निरोप आला. नवीन काम मोठ्या इमारतींचं होतं आणि ते तिच्या कॉम्प्युटरला पेलत नव्हतं. एक आराखडा उघडेपर्यंत बायकोची भाकरी थापून, भाजून, टोपल्यात पडायची. कंपनीचं म्हणणं असं, की आखाजीपर्यंत घरच्या मशीनची सोय करा, नाहीतर पुण्याला ऑफिसात या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सगळ्यांच्या पोरी यायच्या वेळी आमची जाणार, हे मला काही सहन होईना. मुलीला काही न विचारता मी दुसऱ्या दिवशी उठलो, शहाद्याला गेलो आणि मेमरी घेऊन आलो.

त्याच आठवड्यात आमचं नवं न्हाणीघरही पुरं झालं. तेही तिच्यासाठीच बांधलं होतं. जुनी मोरी घरामागं होती, कमरेएवढ्या भिंतीची. तिचं पाणी उघड्या चारीतून मागच्या भिंतीच्या कडेनं वाहत जाऊन केळींना मिळायचं. पुण्यात राहिलेल्या पोरीला ते कसं चालावं? म्हणून फरशी घातली, पक्कं दार लावलं, आणि पाणी पाइपानं थेट पलीकडच्या शोषखड्ड्यात नेलं. न्हाणीघर झालं, मेमरी आली, आता हिला जायला कारण उरलं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मेमरी म्हणजे वीतभरही लांब नसलेली हिरवी पट्टी. ती खाचेत बसवली आणि पहिल्याच दुपारी स्क्रीन निळा झाला, इंग्रजीत चार ओळी बडबडला आणि कॉम्प्युटर बंद पडला. मुलगी म्हणाली, पट्टीची टेस्ट घेऊन बघू. तिनं पेनड्राइव्हवर एक प्रोग्राम घातला आणि मला समजावून सांगितलं. हा प्रोग्राम मेमरीच्या एकेका घरात एकेक आकडा ठेवतो आणि थोड्या वेळानं तो परत मागतो. ठेवला तोच आकडा मिळाला तर ठीक, वेगळा मिळाला की स्क्रीनवर लाल ओळ उमटते. मला हा प्रकार फार आवडला. पोरांकडून पाढे म्हणून घेण्यासारखाच होता. एक गोष्ट मात्र तेव्हा सुचली नाही. पोरगं पाढा चुकलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा कधी कधी शाळेबाहेर बँड वाजत असतो.

टेस्टची जबाबदारी मी माझ्याकडं घेतली. माझा नियम ठरलेला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलीचं काम दहाला सुरू व्हायचं, म्हणून त्याच्या आधी, सकाळच्या गारव्यात, मी जुनी पट्टी एकटी ठेवून टेस्ट लावायचो. दुपारी तिला जेवणाची सुट्टी असायची, तेव्हा जुनी काढून नवी पट्टी लावायचो. ती ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची आणि आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत बसायचो. जुन्या पट्टीवर एकही लाल ओळ नाही. नव्या पट्टीवर मात्र स्क्रीन लालेलाल. एकच गोष्ट बदलली, उत्तर बदललं, म्हणजे दोष त्या गोष्टीचा. सातवीतल्या पोरालाही पटेल असं गणित होतं.

पट्टी खिशात घालून मी शहाद्याला गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना माझा मार खाल्लेला, आणि तरीही मला खुर्ची पुसून देणारा. त्यानं पट्टी त्याच्या मशीनला लावली, तीच टेस्ट चालवली आणि स्क्रीन माझ्याकडं वळवत तो आमच्या अहिराणीत म्हणाला,

"सर, देखा. एकबी लाल लाइन नही. पट्टी एकदम चांगली शे."

"मंग मन्हा घर काय भूत शे का?" मी म्हटलं.

"भूत शे का नही ते माले ठाऊक नही सर, पन या पट्टीम्हा नही."

तो हसला आणि मला वाटलं, हा आपल्याला खुळ्यात काढतोय. तरी त्यानं वर दुसरी पट्टी दिली, म्हणाला ही लावून बघा. घरी आलो, दुसऱ्या दिवशी दुपारी लावली, पुन्हा लाल. मी परत शहाद्याला. या खेपेला दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, आणि त्यांच्यासमोर मी त्याला म्हटलं, की गुरूला टोपी घालायची विद्या मी तुला शिकवली नव्हती. त्याचा चेहरा उतरला. त्यानं निमूटपणे तीही पट्टी लावली, तीही स्वच्छ निघाली, आणि ती पुडीत गुंडाळून त्यानं माझ्या हातात ठेवली. त्यापेक्षा तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. बसमध्ये बसल्यावर मला माझीच चीड आली, आणि पट्टीचीही.

आता माझ्या गणितात घोळ सुरू झाला. पट्टी चांगली असेल तर मग खाच खराब असेल. कॉम्प्युटरात पट्टी बसवायच्या दोन खाचा. रविवारी मुलीला सुट्टी, म्हणून सकाळी नवी पट्टी पहिल्या खाचेत घातली. स्वच्छ! दुपारी तीच दुसऱ्या खाचेत घातली, तर लाल. मी मांडीवर थाप मारली. दुसरी खाच खराब, सुटलं! सोमवारी दुपारी खात्री करायला पुन्हा पहिल्या खाचेत घातली, तर तिथंही लाल. मग चिडून नवी पट्टी बाजूला ठेवली आणि जुनी, इतके दिवस पोथीसारखी सोवळी असलेली जुनी पट्टी त्याच दुपारी लावली. तिच्यावरही लाल ओळी उमटल्या.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," मी मुलीला म्हटलं. "नवीनं जुनीला बिघडवलं."

"आप्पा, असं व्हस का कधी?" ती हसू दाबत म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ना आते. पहिले जेवी ल्या."

ती हे 'राहू द्या' वारंवार म्हणायची. मला वाटायचं, पोरीला माझी दया येते.

आणखी एक गोष्ट मला छळत होती. लाल ओळीत चुकलेल्या घराचा पत्ता लिहिलेला असतो. किडका दात असेल तर रोज तोच दुखायला हवा. इथं पत्ता रोज वेगळा. आज या टोकाचं घर, उद्या त्या टोकाचं, आणि कालचं चुकलेलं घर आज बिनचूक. मग वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. चैत्र सरत आला होता, तापीच्या काठाकाठानं गरम वारा यायचा, पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. मी कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्यावर टेबलफॅन धरला. फॅन कसा फिरत होता म्हणाल, तर आजारी माणसानं कूस बदलावी तसा. मी फॅनलाही दोन शिव्या घातल्या. लाल ओळी काही कमी झाल्या नाहीत.

विजेचा मला संशय आला नसता असं नाही. पण टेबलाखाली स्टॅबिलायझर होता आणि त्याचा हिरवा दिवा छान जळत होता. हिरवा दिवा दिसला की माणसाचा जीव थाऱ्यावर येतो. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, पण त्या मळ्यातल्या घरात फ्रिजला हात लावला तरी येतात. त्यासाठी आम्ही पायात रबरी चपला घालतो आणि विषय संपवतो. दुपारी पंखे मंदावले तर ऊसवाल्यांच्या मोटारी चालू झाल्या असतील, असं म्हणतो. मुलीचा कॉम्प्युटर दुपारी कामात अडला, तर मोठं काम त्याला पेलत नाही, असं म्हणायचो. मागच्या केळी करपायला लागल्या होत्या, तेही मी बघत होतो आणि उन्हाला नावं ठेवत होतो. बायको एकदा म्हणाली, "तुमले दुसरं काम नही का काही? पोर जाई ऱ्हायनी ते जाऊ द्या." मी तिच्यावर खेकसलो. आखाजी जवळ येत होती आणि माझ्या हातात चांगली पट्टी, चांगली खाच, चांगला कॉम्प्युटर आणि लाल स्क्रीन एवढंच होतं. डोकं चालेनासं झालं. रात्री अंथरुणावर पडलो तरी पट्टी, खाच, सकाळ, दुपार डोळ्यांपुढं फिरायचं, आणि सकाळ-दुपार हा त्या गणितातला भागच आहे हे काही केल्या सुचायचं नाही.

मग कुरडयांचा दिवस आला. शेजारच्या मळ्यातल्या बाया आमच्या मागच्या अंगणात जमल्या होत्या. भिजत घातलेले गहू वाटायला काढायचे होते. मी आत टेस्ट लावून बसलो होतो, दुपारची वेळ, लाल ओळी धडाधड पडत होत्या. बाहेर बायकोचा आवाज आला. नव्या न्हाणीघरात आंबट वास नको, म्हणून गव्हाचं पाणी भिंतीजवळच ओतायला ती कुणाला तरी सांगत होती, "ते पानी तठेच फेकी दे, भिंतजोडे." दोन-तीन घंगाळं ओतल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं माझ्या डोक्यावरचा पंखा घरघर करत जोरात फिरू लागला. टेबलावरचा कागद उडाला. मी तो उचलला आणि स्क्रीनकडं पाहिलं, तर लाल ओळी थांबल्या होत्या.

मी कॉम्प्युटरजवळ अगदी श्वास रोखून बसलो. टेस्ट पुढं सरकत होती. एकही नवी ओळ नाही. पट्टी तीच, खाच तीच, दुपार तीच. मी काहीच बदललं नव्हतं. इतके दिवस मी एकेक गोष्ट बदलून थकलो, आणि काहीही न बदलता उत्तर बदललं होतं. मी खरोखर घाबरलो. डोळ्यांवर पाणी मारावं म्हणून मागच्या दारानं बाहेर गेलो, तर गव्हाचं पांढुरकं पाणी भिंतीच्या कडेनं पसरलं होतं, आणि त्या पाण्याच्या मधोमध आमचा अर्थिंगचा गज उभा होता.

मळ्यात न राहणाऱ्यांना हे सांगावं लागेल. वीज एका तारेनं घरात येते आणि तिला परत जायला दुसरी तार लागते. आमच्या घरापर्यंत ती दुसरी तार कधी आलीच नाही. बऱ्याच मळ्यांत येत नाही. मग लोक घरामागं जमिनीत लोखंडी गज ठोकतात, तार त्याला बांधतात, आणि वीज मातीतून परत जाते. माती ओली असली की सगळं सुरळीत. कोरडी झाली की वीज अडते, दिवे पिवळे पडतात. म्हणून आमच्याकडं दिवा मंद झाला तर माणसं बादलीभर पाणी नेऊन गजाला घालतात. लहानपणी हे काम माझ्याकडंच होतं. पण आमची मोरी झाल्यापासून तिचं पाणी दिवसभर गजावरूनच केळींना जायचं, त्यामुळं गजाला पाणी घालायची वेळच आली नाही. मी ते साफ विसरलो होतो. नव्या न्हाणीघराचा पाइप मी शोषखड्ड्यात नेला त्या दिवसापासून गज कोरडा पडला. सकाळी बायको हंडे अजून तिथंच घासायची, तेवढी ओल दहा-अकरापर्यंत टिकायची. मग ऊन ती पिऊन टाकायचं, वीज अडायची, कुठलीही पट्टी लावली तरी आकडे चुकायचे, आणि नेमकं दुपारी मी मोठ्या शिस्तीत नवी पट्टी तपासायला बसायचो.

पोरगी राहावी म्हणून जे बांधलं, त्यानंच तिचा कॉम्प्युटर पाडला होता. मला हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला. असा गज कोरडा पडला की त्याला हात लागला तरी झटका बसतो, आणि त्याच गजाशेजारी बायको रोज अनवाणी बसून हंडे घासत होती. मी तिला तिथून उठवलं आणि त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही म्हणून सगळ्या बायांवर ओरडलो. त्यांना वाटलं, मास्तरांना ऊन लागलं. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपासून, घरापर्यंत दुसरी तार ओढून घेतली आणि गजावरची तार तोडली. शहाद्याला फोन लावला आणि माझ्या विद्यार्थ्याला म्हटलं, चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली, तू मला माफ कर. तो म्हणाला, "सर, तुम्हीन शाळाम्हा बी असंच करेत."

त्या दुपारी मी दोन्ही पट्ट्या एकदम लावल्या. पंखा गरगर फिरत होता. मुलगी आली, शेजारी बसली. टेस्टची पूर्ण फेरी झाली आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत पास झाल्याचं आलं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, कळव कंपनीला, मशीन तयार आहे, आता कुठं जायला नको.

ती स्क्रीनकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, मी कंपनीले हा म्हनी दिनं शे. पुनाले जावानं."

मी विचारलं, कधी सांगितलंस.

"तुम्हीन पट्टी लयनात, त्याना पहिलेच." तिचा आवाज खाली गेला. "कॉम्प्युटरमुळे नही, आप्पा. माले जावानं शे. तठे मन्हं काम शे, मन्ह्या मैत्रिणी शेतस. आठे बरं वाटस, पन माले जावानं शे."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडं बघून मला कळलं, तिला हे माहीत होतं. मुलीनं हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"तुम्हीन रोज दुपारले मन्हाजोडे येईसन बसेत," ती म्हणाली. "शाळाम्हा तुम्हीन सगळासले शिकाडं. मन्हाजोडे असं कधी बसनात नही. मी सांगी दिनं तर तुम्हीन उठी जाशात, असं वाटनं."

मला राग आला होता. लाजही वाटत होती. आणि त्या दोन्हीच्या खाली कुठंतरी इतकं बरं वाटत होतं, की मला माझंच कळेना. यातलं कशामुळे काय, हे मी आजही सांगू शकत नाही. मी चष्मा काढून पुसला. तिच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस होईना, म्हणून पास झालेल्या स्क्रीनकडं बघत म्हटलं, "एका फेरीवर भरवसा ठेवायचा नसतो. अजून एकदा लावून बघू."

तिनं बटण दाबलं आणि ताट मांडीवर घेतलं. आखाजीपर्यंत आम्ही रोज दुपारी ती टेस्ट लावली. एकही लाल ओळ आली नाही.